झाले आणि केले

गेल्या वर्षी उपवासकाळाच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या, तोंडावर अकोल्याहून एक माजी विद्यार्थिनी अमरावतीला घरी आली. मराठी घेऊन एम. ए. झालेली, आता शाळेत शिकवते, घर कॅथलिक. तिच्या हातात आठ पानांची एक पुस्तिका होती. कन्फेशनला, म्हणजे धर्मगुरूंपुढे पापनिवेदन करायला जाण्याआधी माणसाने एकांतात बसून स्वतःला कोणते प्रश्न विचारावेत, ते तीत दहा आज्ञांच्या क्रमाने छापले होते. इंग्रजीवरून कधीकाळी केलेला अनुवाद असावा. "सर, यातलं शुद्धलेखन तेवढं पाहून द्या," एवढेच तिचे मागणे होते.

शुद्धलेखन अर्ध्या तासात संपले. पुस्तिका मात्र मी महिनाभर ठेवून घेतली. कारण वाचताना एक गोष्ट मनात रुतून बसली होती: या प्रश्नांची मराठी इतकी भारदस्त होती की तिच्यातून कोणीही काहीही कबूल न करता सुखरूप बाहेर पडला असता.

नमुना पाहावा. 'मी शेजाऱ्यावर पुरेसे प्रेम केले आहे काय?' 'माझ्याकडून सत्याची अवहेलना झाली आहे काय?' 'सदसद्विवेकबुद्धीच्या हाकेकडे माझे दुर्लक्ष झाले आहे काय?' पहिल्याला 'नाही' आणि उरलेल्या दोहोंना 'झाले' असे उत्तर कोणताही प्रामाणिक माणूस तत्काळ देईल. आणि ते देताना त्याला काहीही वाटणार नाही. मुळात 'सदसद्विवेकबुद्धी' हा शब्द वऱ्हाडात कोणाच्या तोंडी आहे? येथे माणसाचे मन त्याला 'खाते', गोष्ट 'जिवाला लागते', फार झाले तर 'टोचणी' लागते. लॅटिनमध्ये ज्याला 'स्क्रुपुलस' म्हणतात, तोही अखेर टोचणारा बारीक खडाच होता. आपल्याजवळ टोचणी असताना आपण एवढा मोठा समास का उचलला, कोण जाणे.

मी स्वतः कॅथलिक नाही, आणि या संस्काराच्या ईश्वरशास्त्रात शिरण्याचा मला अधिकार नाही. परंतु पापनिवेदनाची पूर्वतयारी ही बऱ्याच अंशी वाक्यरचनेची बाब आहे, एवढे भाषेच्या शिक्षकाने म्हणायला हरकत नसावी. चर्चची अपेक्षाही तशीच आहे. वर्षातून निदान एकदा पापनिवेदन करावे हा नियम १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने घातला. १५५१ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने पाप कोणते आणि किती वेळा घडले हे वेगवेगळे सांगितले पाहिजे, असे ठरवले. 'मी पापी आहे' एवढ्याने भागत नाही.

गंमत अशी की या मोघमपणाविरुद्धची सर्वांत खणखणीत तक्रार ज्या ग्रंथात आहे, त्याच्या कर्त्याचे नाव विदर्भातील प्रत्येक प्राध्यापकाच्या कानावरून गेलेले असते, निदान नागपूरच्या सेंट फ्रान्सिस डी सेल्स महाविद्यालयामुळे. या संतपुरुषाच्या नावाने १८३८ साली फ्रान्समधील ॲनेसी येथे एक मिशनरी संघ स्थापन झाला. नागपूर आणि वऱ्हाडातील कॅथलिक चर्चची उभारणी मुख्यतः त्याच संघाच्या हातून झाली, आणि १९५५ साली अमरावतीचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला तेव्हा पहिले बिशप जोसेफ रोझारिओ हेही त्याच संघाचे होते. स्वतः फ्रान्सिस डी सेल्स यांनी १६०९ साली 'इंट्रोडक्शन टू द डिव्हाउट लाइफ' या नावाने इंग्रजीत ओळखला जाणारा आपला फ्रेंच ग्रंथ प्रसिद्ध केला. मठात न राहणाऱ्या, संसारात असलेल्या माणसांसाठी तो लिहिलेला आहे. पापनिवेदनावरच्या प्रकरणात ते म्हणतात की, देवावर पुरेसे प्रेम केले नाही, शेजाऱ्यावर करायला हवे तेवढे केले नाही, अशी पाठ केलेली वाक्ये बोलू नयेत. स्वर्गातले सगळे संत आणि पृथ्वीवरची सगळी माणसे पापनिवेदनाला आली तर हेच बोलतील. त्यातून तुमच्याविषयी काहीच कळत नाही. ते वाक्य आपल्या मनात का आले, त्याचा शोध घ्यावा. कदाचित समोर एखादा गरजू उभा होता आणि आपल्याला त्याला मदत करता आली असती, पण केली नाही. मग तेवढेच सांगावे, आणि का केली नाही तेही सांगावे.

म्हणजे विद्यार्थिनीने आणलेल्या पुस्तिकेतला पहिलाच प्रश्न त्यांनी चारशे वर्षांपूर्वी खोडून ठेवला होता!

आता मराठीकडे येतो. इंग्रजीतून आलेल्या प्रश्नांचा दोष एकट्या अनुवादकाच्या माथी मारता येणार नाही, कारण मराठीने त्याच्या हाती एक फार सोयीचे हत्यार दिलेले आहे. 'मी कप फोडला' आणि 'माझ्या हातून कप फुटला' यांतला फरक शाळकरी पोरही जाणते, आणि आई पुढे आली की दुसरे वाक्य निवडते. 'राहून गेले', 'बोलून गेलो', 'तोंडून निघाले', 'घडले', 'झाले' या क्रियापदांत कृती असते, कर्ता नसतो. प्रशासकीय मराठीने तर 'करण्यात आले' या एका रूपावर सबंध राज्य चालवले आहे. जाता जाता आणखी एक: 'मी चोरी केली' या कर्मणी प्रयोगात क्रियापद चोरीप्रमाणे चालते, कर्त्याप्रमाणे नाही. पुरुषाने म्हणा, स्त्रीने म्हणा, वाक्य तेच. 'मी खोटे बोललो' या कर्तरीत मात्र बोलणारा लिंगवचनासकट पकडला जातो. वर्गात प्रयोग शिकवताना हे उदाहरण मी कधी दिले नाही. द्यायला हवे होते.

तेव्हा पापनिवेदनाची मराठीतील तयारी म्हणजे 'झाले'चे 'केले' करणे, असे मी त्या पुस्तिकेच्या समासात लिहिले. लिहिले आणि दोन दिवसांनी खोडले. कारण 'झाले' नेहमीच खोटे नसते. कप खरोखरच हातून निसटू शकतो. कॅथलिक शिकवणीप्रमाणे गंभीर पापाला तीन गोष्टी लागतात: विषय गंभीर असणे, पूर्ण जाणीव, आणि पूर्ण संमती. जाणीव किंवा संमती नसेल तर 'मी केले' म्हणणे हाही असत्याचाच प्रकार होतो, आणि काही माणसांना या असत्याचा शोक जडतो. ज्या लोयोलाच्या इग्नेशियस यांनी दैनंदिन आत्मपरीक्षणाची पद्धत घालून दिली, रोजच्या चुकांसाठी रेघेवर टिंबे मांडून जवळजवळ किर्द-खतावणीच करायला लावली, ते स्वतः मनरेसा येथे १५२२ च्या सुमारास अशा शंकांनी इतके पछाडले होते की सांगून झालेली पापे पुन्हा पुन्हा सांगत. दोन्ही रूपे हाताशी असलेली भाषा म्हणूनच उपयोगाची आहे. प्रत्येक प्रसंगापुढे थांबून येथे कोणते क्रियापद खरे, असे विचारता येते. ते परीक्षण पुस्तिकेतल्या प्रश्नांनी आधीच उरकून टाकले होते: सगळीकडे 'माझ्याकडून झाले आहे काय'.

मी विद्यार्थिनीला सुचवले की प्रश्न वऱ्हाडीत लिहून पाहा. याला एक व्याकरणिक कारणही होते. प्रमाण मराठीत 'मी गेलो' आणि 'मी केले' यांतला 'मी' दिसायला एकच आहे. वऱ्हाडात जुन्या माणसांच्या तोंडी अजून 'म्या' ऐकू येतो: 'म्या केलं', 'म्या घेतलं'. महानुभावांच्या गद्यातला 'म्यां' तो हाच. करणाऱ्याचा 'मी' वेगळा उभा करण्याची ही सोय प्रमाण भाषेने हरवली, बोलीने राखली. तिने चार-पाच प्रश्न करून आणले. 'वेचणीवाल्या बाईचा कापूस म्या कमी मोजला का?' हा त्यातला एक. वेचणीची मजुरी किलोवर असते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हा प्रश्न टाळता येत नाही. 'मापात पाप' हा शब्दप्रयोग आपल्याकडे अस्सल व्यवहारातून आलेला आहे. 'सातवी आज्ञा: चोरी करू नकोस' याखाली तो यायला कोणाची हरकत असावी?

हरकत आली, ती अनपेक्षित दिशेने. धर्मग्रामातील वडीलधाऱ्यांना वऱ्हाडी रुचली नाही. देवाघरची भाषा शुद्ध हवी. बोलीत विचारले तर पोरे हसतील. हा आक्षेप क्षुल्लक मानू नये. ज्यांची बोली आयुष्यभर हास्यकवितेपुरती वापरली गेली, त्यांना गंभीर ठिकाणी ती नको वाटली तर दोष त्यांचा नाही. तरी मला रिद्धपूरची आठवण झाली. अमरावती जिल्ह्यातील हे गाव मराठी गद्याचे पाळणाघर. 'स्मृतिस्थळा'तला प्रसंग साहित्याच्या विद्यार्थ्यांना नव्याने सांगायला नको: केशिराजबास संस्कृतात लिहू लागले तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवले, कारण पंथातल्या म्हाताऱ्या त्याला मुकल्या असत्या. धर्मातल्या सर्वांत गंभीर गोष्टी म्हाताऱ्यांच्या भाषेत लिहिण्याचा आग्रह याच मातीत सातशे वर्षांपूर्वी धरला गेला.

आणि वऱ्हाडीतून आत्मपरीक्षण करवून घेणारा एक पुरुष तर अगदी कालचा. शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेल्या आणि १९५६ मध्ये वलगावजवळ देह ठेवलेल्या गाडगेबाबांचे कीर्तन म्हणजे प्रश्नांची सरबत्तीच असे. दारू पिता का, कर्ज काढून लग्न करता का, देवाला बकरे मारता का, पोराला शाळेत घालता का. हजारोंचा जमाव एका सुरात उत्तर देई. ते प्रश्न ऐकून कोणी हसले असेल, पण त्या हसण्यातच तो सापडलेला असे. फरक इतकाच, की तेथे उत्तर सर्वांचे मिळून असे आणि गर्दीत थोडे लपताही येई. पापनिवेदनात माणूस एकटा असतो आणि कुजबुजत बोलतो.

या कुजबुजीबद्दल आपल्या वर्तुळात एक तयार शेरा असतो. १९७६ साली फूकोने कबुलीजबाबाला सत्तेचे यंत्र ठरवले, तेव्हापासून सगळेच कन्फेशन आपल्याला संशयास्पद. संशय निराधार नाही. गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधला अल्प खंड वगळता, इन्क्विझिशन होते आणि कबुली बळाने काढली जात होती. आपल्या काळातही धर्मगुरूंनी या विश्वासाचा गैरफायदा घेतल्याची प्रकरणे अनेक देशांत उघडकीस आली आहेत. पण ऐकणाऱ्याच्या सत्तेविषयी बोलताना सांगण्याआधीचा तो एकांतातला तास आपण विसरतो. तेथे समोर कोणी नसते. वाक्य आपणच रचायचे असते आणि आपणच त्याला मागे घ्यायला लावायचे असते. मराठीत याच्या जवळ जाणारे लेखन मला 'बलुतं'मध्ये दिसते. १९७८ च्या या पुस्तकात दया पवार आणि दगडू मारुती पवार अशी एकाच माणसाची दोन माणसे समोरासमोर बसतात, आणि पत्नीविषयीच्या संशयाने मोडलेल्या संसाराचा भाग येतो तेव्हा दुःख पुरेसे आहे म्हणून दोष माफ होत नाही. हे कॅथलिक कन्फेशन नव्हे, त्याला तसे म्हणणे अन्याय होईल. पण आपली बरीच प्रतिष्ठित आत्मचरित्रे 'घडत गेले', 'होत गेले' यावर तरून जातात, आणि आपण ती अभ्यासक्रमाला लावतो.

एक भाग राहिला. मिसाच्या प्रारंभीच्या सामूहिक कबुलीत विचार, शब्द आणि कृती अशी तीनच अंगे पूर्वी होती. १९७० च्या नव्या उपासनाग्रंथात 'जे करायचे ते न केल्याने' हे चौथे आले. आपले 'कायावाचामने' अजून तिघांवरच थांबले आहे, जरी धर्मशास्त्राला विहित कर्म टाळण्याचा दोष ठाऊक होता. पुस्तिकेत या चौथ्याखाली एकच मोघम प्रश्न होता, आणि तो वऱ्हाडीत कसा करावा हे तिला सुचेना, मलाही सुचेना. म्हणून स्वतःवर प्रयोग करून पाहिला.

बऱ्याच वर्षांपूर्वी दर्यापूरकडच्या एका मुलीचा फी-सवलतीचा अर्ज माझ्या शिफारशीसाठी आला होता. मुदत टळली. तिने दुसऱ्या सत्रात नाव काढले. हा प्रसंग मी आजवर चार-दोनदा सांगितला आहे, आणि नेहमी 'तो अर्ज माझ्याकडून राहून गेला' असाच सांगितला आहे. आता लिहिले: मी तो अर्ज पाठवला नाही. हे वाक्य खरे होते, पण पुरे नव्हते. ॲनेसीच्या त्या लेखकाला 'का' हवे असते. खण दोनदा उघडला होता, अर्ज दोन्ही वेळा दिसला होता. आदल्या आठवड्यात तिने भर वर्गात माझा एक अर्थ चुकीचा ठरवला होता, आणि तो चुकीचा होता.

पुस्तिका मी परत पाठवली तेव्हा चौथ्या भागापुढे पेन्सिलीने एवढेच लिहिले: 'कोणाचा कागद तुझ्याजवळ पडून आहे?' तिने त्याचे वऱ्हाडी केले, 'कोणाचा कागद तुह्याजौळ पडून हाये?', आणि खाली विचारले की हा प्रश्न पाचव्या आज्ञेखाली घालू की सातव्या. पाचवी हत्येची, सातवी चोरीची. मी अजून उत्तर दिलेले नाही.