मर्जीतले सल्लागार

राज्य बदलले की राज्यकर्त्याच्या भोवतालची माणसे बदलतात, यात नवल काही नाही. अमेरिकेत तर ही रीत इतर लोकशाही देशांपेक्षा अधिक उघडपणे पाळली जाते. नवा अध्यक्ष आला की सुमारे चार हजार जागांवर तो आपल्या पसंतीची माणसे नेमतो. डोनाल्ड ट्रंप यांनी २०२५ च्या जानेवारीत दुसऱ्यांदा अध्यक्षपद स्वीकारल्यावर आपल्या मताचे मंत्री निवडले, याबद्दल म्हणूनच कोणी तक्रार करावी असे आम्हांस वाटत नाही. तक्रार आहे ती वेगळ्याच गोष्टीची. ज्या जागांवर माणूस बसविताना त्याचा पक्ष कोणता हे विचारण्याची पद्धत नव्हती, तेथेही आता निष्ठेचा दाखला मागितला जाऊ लागला. आणि या जागा टपालखात्यातील वा जकातनाक्यावरील नसून राष्ट्राच्या संरक्षणाच्या आहेत.

घटनांचा क्रम पाहण्यासारखा आहे. २१ फेब्रुवारी २०२५ रोजी संयुक्त सेनाप्रमुख मंडळाचे अध्यक्ष जनरल ब्राउन यांना चार वर्षांची मुदत अर्धीही संपलेली नसता दूर करण्यात आले. एप्रिलच्या आरंभी लॉरा लूमर नावाच्या बाई अध्यक्षांना भेटल्या. ट्रंप यांच्या कट्टर पुरस्कर्त्या हीच त्यांची ओळख. सरकारात त्यांना कोणतेही पद नव्हते. या भेटीच्या पाठोपाठ राष्ट्रीय सुरक्षा मंडळातील अनेक अधिकारी बडतर्फ झाले आणि परदेशांतील दळणवळण टिपणाऱ्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेचे प्रमुख जनरल हॉ यांनाही घरी पाठविण्यात आले. मंडळातील बडतर्फीशी बाईंचा संबंध नाही, असे अध्यक्षांनी सांगितले; बाईंनी मात्र जनरल हॉ हे अध्यक्षांशी निष्ठावंत नव्हते असे जाहीरपणे म्हणून श्रेय आपल्याकडे घेतले. दोघांपैकी कोणाचेही म्हणणे खरे मानले तरी त्या संस्थेतील कर्मचाऱ्यांना काय बोध व्हावयाचा तो झालाच. मे महिन्यात सुरक्षा मंडळातील शंभराहून अधिक जणांना एका दिवसात रजेवर धाडण्यात आले. आणि गृहसुरक्षा खात्यात दहशतवादाला प्रतिबंध करण्याचे जे केंद्र आहे त्याची सूत्रे वर्षभरापूर्वी पदवी घेतलेल्या, निवडणूक प्रचारात काम केलेल्या २२ वर्षांच्या तरुणाकडे गेली. तरुणाच्या हुशारीबद्दल आमची शंका नाही. पण आपल्याकडे एखाद्या नगरपालिकेने आग विझविण्याच्या दलावर असा प्रमुख नेमला असता तर गावाने काय म्हटले असते?

तथापि या सर्वांत अधिक बोलके प्रकरण कोणते म्हणाल तर ते राष्ट्रीय गुप्तवार्ता परिषदेचे. निरनिराळ्या हेरसंस्थांकडून येणाऱ्या माहितीची छाननी करून, त्या सर्वांचा मिळून निष्कर्ष काय हे राज्यकर्त्यांना सांगणे एवढेच या परिषदेचे काम. मार्च २०२५ मध्ये अध्यक्षांनी १७९८ सालचा शत्रू-परकीयांविषयीचा कायदा पुन्हा बाहेर काढला. व्हेनेझुएलातील ‘त्रेन दे अराग्वा’ ही गुन्हेगारांची टोळी तेथील मादुरो सरकारच्या सांगण्यावरून अमेरिकेवर आक्रमण करीत आहे, असे त्या घोषणेत म्हटले होते. तिच्या आधारे लोकांना धरून एल साल्वादोरच्या तुरुंगात धाडण्यातही आले. अडचण अशी की, परिषदेच्या ७ एप्रिलच्या टिपणाचा निष्कर्ष नेमका उलटा निघाला. मादुरो सरकार या टोळीला अमेरिकेतील कारवायांसाठी चालवीत असावे असे दिसत नाही, असे त्यात सांगितले होते. फेडरल तपास खात्याचा एका मुद्द्यावर थोडा वेगळा अभिप्राय होता. तोही टिपणात नोंदविलेला होता. म्हणजे काम जसे व्हावयास पाहिजे तसे झाले होते.

पुढे काय घडले? राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालक तुलसी गॅबर्ड यांच्या कार्यालयातील जो केंट यांनी या निष्कर्षाचा ‘फेरविचार’ करण्यास सुचविले होते आणि ते टिपण संचालकांविरुद्ध वा अध्यक्षांविरुद्ध वापरले जाऊ नये असे म्हटले होते, हे नंतर प्रसिद्ध झालेल्या पत्रव्यवहारावरून दिसून आले. केंट हे स्वतः सैन्यात पराक्रम केलेले गृहस्थ. परंतु रिपब्लिकन पक्षाच्या तिकिटावर काँग्रेसची निवडणूक दोनदा लढवून हरलेले राजकारणीही. फेरविचार झाला तरी तथ्य बदलले नाही. मे महिन्यात टिपण लोकांपुढे आले, आणि काही दिवसांतच परिषदेचे प्रभारी अध्यक्ष मायकेल कॉलिन्स व त्यांच्या सहकारी मारिया लँगन-रीकहॉफ यांना काढून टाकण्यात आले. दोघांच्याही पाठीशी पंचवीस वर्षांहून अधिक सेवा होती. गुप्तवार्तेचे राजकारण थांबविण्यासाठी हे केले, असा खुलासा करण्यात आला. ताकाला जाऊन भांडे लपविण्याचीही यात गरज भासलेली दिसत नाही! केंट त्याच वर्षी दहशतवादविरोधी केंद्राचे संचालक झाले.

जूनमध्ये इराणच्या अणुकेंद्रांवर हल्ले झाले तेव्हा अध्यक्षांनी ती केंद्रे नष्ट झाल्याची घोषणा केली. संरक्षण गुप्तवार्ता संस्थेचा प्राथमिक अंदाज असा होता की, इराणचा कार्यक्रम केवळ काही महिने मागे पडला असावा. ऑगस्टमध्ये त्या संस्थेचे प्रमुख जनरल क्रूस यांची उचलबांगडी झाली.

या कारवाईचे समर्थन करणाऱ्यांचा एक युक्तिवाद आहे, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. तज्ज्ञांना कोणी निवडून दिलेले नसते. ते चुकतात, आणि चुकले तरी खुर्ची सोडीत नाहीत. २००२ साली इराककडे सर्वसंहारक शस्त्रे असल्याचा निर्वाळा या हेरसंस्थांनीच दिला नव्हता काय? दिला होता. पण त्या वेळी परराष्ट्रखात्यातील लहानशा गुप्तवार्ता विभागाने आपला मतभेद लेखी नोंदविला होता, आणि तो खरा ठरला. वरिष्ठांना जे हवे होते ते न लिहिणारी माणसे एका कोपऱ्यात तरी शिल्लक होती, एवढाच त्या प्रकरणातील दिलासा. चुका करणाऱ्या तज्ज्ञांवर उपाय म्हणून मतभेद नोंदविणारे तज्ज्ञच काढून टाकावयाचे, हे तर्कशास्त्र अजब आहे. १९५१ मध्ये ट्रुमन यांनी मॅकआर्थरसारख्या सेनापतीला घरी बसविले, ते अगदी योग्य केले; कारण सेनापती धोरण ठरवू पाहत होता. कॉलिन्स यांनी कोणते धोरण ठरविले होते? त्यांना एक प्रश्न विचारला गेला आणि त्यांनी त्याचे उत्तर दिले.

अमेरिकेने हा प्रयोग पूर्वी एकदा करून पाहिलेला आहे. जॉन सर्व्हिस आणि जॉन पेटन डेव्हिस हे दोघे मिशनऱ्यांचे पुत्र, चीनमध्येच जन्मलेले. दुसऱ्या महायुद्धात च्यांग कै-शेक यांचे सरकार पोखरलेले आहे व कम्युनिस्टांचे बळ वाढत आहे, असे त्यांनी वॉशिंग्टनला कळविले. घडलेही तसेच. मग ज्यांनी भाकीत केले त्यांनीच चीन ‘घालविला’ अशी ओरड झाली, मॅकार्थी यांनी तिला हवा दिली, आणि १९५१ मध्ये सर्व्हिस व १९५४ मध्ये डेव्हिस नोकरीतून गेले. सर्व्हिस यांना सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये न्याय दिला. डेव्हिस मात्र पेरूमध्ये जाऊन लाकडी सामानाचा व्यवसाय करू लागले. त्यांच्यावरील संशय सरकारने दूर केला तो १९६९ मध्ये. तोवर पाच लाखांहून अधिक अमेरिकन सैनिक व्हिएतनाममध्ये उतरलेले होते. त्या युद्धाचे सूत्रधार मॅक्नमारा यांनीच पुढे १९९५ मध्ये आपल्या आठवणींत लिहिले की, पूर्व आशियाची जाण असलेली माणसे मॅकार्थीच्या काळात हाकलली गेल्याने निर्णयाच्या वेळी जवळ कोणी जाणकार नव्हता.

अमेरिकेकडे बोट दाखविताना आपण आपले १९६२ विसरू नये. पूर्व विभागाचे सेनापती असताना लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात या कोल्हापूरकडील मराठी सेनानीने १९५९ मध्येच नेफाच्या संरक्षणाचा आराखडा दिल्लीस पाठविला होता. चीन कोठून येईल व आपले बळ कोठे अपुरे पडेल हे त्यात मांडले होते. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना तो बागुलबुवा वाटला. १९६१ मध्ये जनरल थिमय्या यांच्यामागून सरसेनापती होण्यासाठी थोरातांचे नाव सुचविले गेले असताही त्यांना निवृत्त व्हावे लागले. त्याच सुमारास लेफ्टनंट जनरल कौल चीफ ऑफ जनरल स्टाफ झाले. नेहरू व मेनन या दोघांचीही त्यांच्यावर मर्जी होती, आणि रणांगणावरील नेतृत्वाचा अनुभव बेताचा. कौल पक्षाचे माणूस नव्हते, हे मान्य. पण पंक्तीला कोणाला बसवावयाचे हे मर्जीवर ठरू लागले की पक्षाची गरज तरी कोठे उरते? ऑक्टोबर १९६२ मध्ये नव्याने उभारलेल्या चौथ्या कोअरचे नेतृत्व त्यांच्याकडे आले, आणि चिनी हल्ल्याच्या ऐन तोंडावर ते आजारी होऊन दिल्लीला परतले. यशवंतराव चव्हाणांना मुंबईहून बोलावून घ्यावे लागले ते हे सारे झाल्यावर.

अमेरिकेपुरते बोलावयाचे तर प्रश्न आता तेथील काँग्रेसचा आहे. वशिल्याची पद्धत तेथे जुनीच. १८८१ मध्ये नोकरी न मिळालेल्या एका उमेदवाराने अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली, तेव्हा कोठे १८८३ चा पेंडल्टन कायदा होऊन गुणवत्तेवर भरती सुरू झाली. अधिकारारूढ होताच ट्रंप यांनी काढलेल्या आदेशाने धोरणाशी संबंध असलेल्या कायम नोकरांचे संरक्षण काढून घेण्याची वाट मोकळी केली. अशा जागा सुमारे ५० हजार असाव्यात असा सरकारचाच अंदाज. हाच आदेश त्यांनी प्रथम २०२० च्या ऑक्टोबरात काढला होता आणि बायडेन यांनी तीन महिन्यांत तो रद्द केला होता. एका अध्यक्षाच्या सहीने दिलेले दुसऱ्याच्या सहीने जाते. कॉलिन्स यांच्यासारख्यांच्या जागांना तर सिनेटची संमतीही लागत नाही, म्हणून सिनेटरांना त्यांच्या जाण्याविषयी प्रश्न विचारण्यापलीकडे फारसे काही करता येत नाही. १८८३ प्रमाणे कायदाच करावा लागेल. आणि तो करण्याचे धैर्य रिपब्लिकन सदस्यांत आहे काय, याचा पुरावा २०२५ साली तरी मिळाला नाही.