प्रबंध कपाटात, रुग्ण रांगेत

एमडी, एमएस करणाऱ्या निवासी डॉक्टरांना तीन वर्षांत एक प्रबंध लिहावा लागतो. ओपीडी, रात्रपाळ्या सांभाळून ही मुले रुग्णांना गाठतात, संमतीपत्रावर सही किंवा अंगठा घेतात, प्रश्नावली भरतात.

माझी एक विद्यार्थिनी क्षयरोगाचे रुग्ण गोळ्या मध्येच का सोडतात, याचा अभ्यास करत होती. प्रश्नावलीत एक प्रश्न होता, ‘औषधोपचाराच्या दुष्परिणामांविषयी आपणांस अवगत करण्यात आले होते काय?’ बहुतेकांनी ‘हो’ म्हटले. डॉक्टरांसमोर ‘नाही’ कोण म्हणणार? शेवटी कागद बाजूला ठेवून तिने गवंडीकाम करणाऱ्या एका रुग्णाला विचारले, ‘मामा, गोळ्या का बंद केल्या?’ ते खाली बघत म्हणाले, ‘लघवीला लाल व्हायला लागलं. म्हटलं, गोळ्या आतून रक्त पाडतायत.’

रिफॅम्पिसिन या औषधाने लघवी केशरी-लाल होते. त्यात काही धोका नसतो. धोका असतो तो गोळ्या सोडण्यात. उपचार किमान सहा महिन्यांचे असतात आणि ते अर्धवट राहिले, तर आजार उलटतो, जंतू औषधांना दाद देईनासे होतात. पहिल्याच दिवशी एक वाक्य सांगितले असते, तर मामांचे ते महिने वाया गेले नसते.

तिच्या प्रबंधात हे सगळे आले, पण इंग्रजीत. काळे बायंडिंग, सोनेरी अक्षरे, आणि मुक्काम ग्रंथालयाच्या कपाटात. खालच्या मजल्यावर नव्या रुग्णांना गोळ्या मिळत राहिल्या, ते वाक्य मात्र नाही. प्रबंधावर मार्गदर्शक म्हणून सही माझी होती, त्यामुळे दोष तिला कसा देऊ?

संशोधनाचे निष्कर्ष सहभागी लोकांपर्यंत पोचावेत, असे आयसीएमआरची २०१७ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. मग प्रबंधासोबत साध्या मराठीतले एक पान का मागू नये? ते वॉर्डातल्या सिस्टर, फार्मासिस्ट आणि समाजसेवा अधीक्षकांसमोर वाचावे. आणि प्रश्नावली छापण्याआधी पाच-दहा रुग्णांना वाचून दाखवावी. ‘अवगत’ हा शब्द तिथेच गळून पडेल. यासाठी निधी लागत नाही, मार्गदर्शकाचा अर्धा तास लागतो.

गोळ्यांच्या खिडकीवर आम्ही आता एक कागद चिकटवला आहे: ‘या गोळ्यांनी लघवी लाल-केशरी होते. घाबरू नका, गोळ्या सोडू नका. डोळे पिवळे झाले तर मात्र लगेच दाखवायला या.’ ज्यांना वाचता येत नाही, त्यांना सिस्टर वाचून दाखवतात.