गोल रुळांना माझा विरोध

घरात छोटी आगगाडी मांडायची म्हटली की लोक रूळ गोल जोडतात. माझा याला जाहीर विरोध आहे! गोल फिरणारी गाडी कुठेच पोचत नाही. घर-बँक-घर हे वर्तुळ मी वीस वर्षे काढतोच आहे. तेच पुन्हा टेबलावर कशाला?

त्यापेक्षा ॲलन राइट या इंग्रजाचा ‘इंगलनुक’ आराखडा घ्या. ४ फुटी फळी, २ सांधे, ३ सायडिंग. एकीवर ५ डबे मावतात, बाकी दोघींवर ३-३. डबे एकूण ८. चिठ्ठ्या निघतील त्या क्रमाने ५ डब्यांची गाडी जुळवायची. प्रकार किती? ६७२०! कॉमर्सवाला आहे, ताळा करूनच सांगतोय.

“अहो, चाळिशी उलटली, अजून गाडी-गाडी?” ही म्हणाली. परवा माझा डबा अडला, तेव्हा इंजिन कुठे न्यायचे ते हिनेच सांगितले. गोल रुळावर हिला विचारायची वेळ तरी आली असती का?