राहुदशा आणि औषधाची मात्रा
राहू व केतू हे पिंड नव्हेत. चंद्रकक्षा व क्रांतिवृत्त यांचे ते छेदनबिंदू होत. ग्रहण छायेमुळे घडते, हे आर्यभटीयातही आहे. फलज्योतिषात मात्र राहूची महादशा १८ वर्षांची, केतूची ७ वर्षांची. दशा सरेपर्यंत प्रमेहाचा रुग्ण औषध टाळू लागला, तर व्याधी थांबत नाही. चरकसंहितेत दैवव्यपाश्रयासोबत युक्तिव्यपाश्रय व सत्त्वावजय चिकित्साही सांगितली आहे. म्हणून आपण वैद्यांनी श्रद्धेचा उपहास करू नये. जप अवश्य करावा, पण मात्रा चुकवू नये, असे रुग्णास सांगावे. मधुमेहादी रोगांवर गुणाचा दावा करणाऱ्या ताईत-कवचांची जाहिरात १९५४ च्या कायद्याने निषिद्धच आहे. औषधालयांच्या फळीवरही त्यांना स्थान नसावे, असे आम्हांस वाटते.