छोटा ट्रॅक्टर आणि आपले प्रोजेक्ट

बुवापाड्यातून निघून बदलापूर ओलांडलं आणि बारवी धरणाच्या रस्त्याला लागलं, की भातखाचरं दिसू लागतात. तिथल्या बांधावर १५ हॉर्सपॉवरचा मिनी ट्रॅक्टर कलंडू नये, हा आपला प्रोजेक्ट का होत नाही? सगळ्यांना गो-कार्टच हवी!

गणित पहिल्या वर्षाचंच आहे. मागच्या चाकांत ९० सेंमी अंतर, गुरुत्वमध्य ६० सेंमी उंच धरा. कागदावर ३७ अंशाला ट्रॅक्टर आडवा. रिम उलट्या लावून प्रत्येक चाक १० सेंमी बाहेर काढलं, की साधारण ४२.५ अंश. पण थांबा राव, पुढचा ॲक्सल मधल्या खिळीवर डुलतो. म्हणजे आधार चौरंगाचा नाही, तिपाईचा! खरा कोन त्याहून कमीच. मागच्या टायरमध्ये पाऊण भाग पाणी भरलं तर वजन खाली येतं, तेही जवळपास फुकटात. ओझं मात्र खालच्या ड्रॉबारलाच बांधायचं. वर बांधलं तर पुढची चाकं उचलतात.

स्वीडनने १९५९ मध्येच नव्या ट्रॅक्टरना संरक्षक सांगाडा सक्तीचा केला. तो आपल्या वर्कशॉपात वेल्डिंग मारून होणार नाही, त्याला चाचण्या लागतात. चाकं सरकवायला मात्र जॅक आणि पाना पुरे.