जागा उरली तर

"तुला काय बाई, विमान घरचंच!" परवा वाकोल्याच्या बाजारात शेजारच्या काकू म्हणाल्या. मी नुसती हसले. दुबईत वैमानिकाची बायको म्हणून अकरा वर्षं काढल्यावर हसायची सवय होते.

खरं सांगू? ते स्वस्त तिकीट बहुतेक वेळा 'जागा उरली तर' या बोलीवर असतं. दादांना हॉस्पिटलात नेलं तेव्हा गणपतीचे दिवस होते. माझ्या डोळ्यांदेखत तीन विमानं भरून सुटली. नवरा सिडनीच्या वाटेवर. शेवटी पूर्ण पैसे भरून दुसऱ्या दिवशी पोचले. दादा तोवर बोलत होते, एवढंच नशीब.

माझा तिथे राहायचा परवानाही नवऱ्याच्या नोकरीला बांधलेला. २०२० साली करोनात विमानं जमिनीवर आली, आखातातल्या कितीतरी वैमानिकांच्या नोकऱ्या गेल्या. आमच्या इमारतीतली दोन बिऱ्हाडं बघता बघता उठली. मुलांच्या शाळेसकट!

तक्रार नाही. पैसा मिळाला, जग पाहिलं. पण नवऱ्यामागे परदेशी निघालेल्या मुलींना एक सांगावंसं वाटतं. नोकरी सोडावी लागली तरी हातातलं काम सोडू नका. आणि परतीच्या एका पूर्ण तिकिटाचे पैसे स्वतःच्या खात्यात ठेवा.

लहानपणी विमानाचा आवाज आला की आई बोलता बोलता थांबायची. तो गेला की तिथूनच पुढे सुरू. आमचंही तसंच होतं. थांबावं लागतं, मान्य. पण काय बोलत होतो ते विसरू नये.

असो.