बाळसं धरू दे, मग बघू

लवकर जन्मलेल्या बाळाबद्दल आपल्याकडे प्रत्येकाचं एक मत असतं. सातव्यातलं जगतं आणि आठव्यातलं जगत नाही, हे तर आपण सगळ्यांनीच कुठल्या ना कुठल्या आजीकडून ऐकलंय. (ते खरं नाही. बाळ जितके जास्त दिवस पोटात, तितकं बरं. साधा हिशोब आहे.) पण आज लिहायचंय ते दुसऱ्या एका मताबद्दल, कारण ते अंधश्रद्धेसारखं दिसत नाही, मायेसारखं दिसतं. "एवढासा जीव तो, त्याला कुठे सुया टोचता? जरा बाळसं धरू दे, मग बघू."

आमच्याच नात्यात एक बाळ ३२ आठवड्यांचं जन्मलं. वजन दीड किलो. काचेच्या पेटीत राहून घरी आलं, आणि दीड महिन्याच्या डोसची तारीख आली तेव्हा घरात चर्चा सुरू झाली. मोठ्या काकांचा मुद्दा बिनतोड होता. "अरे, अजून तो पोटातच असायला हवा होता. त्याला दीड महिन्याचा कसा म्हणायचा?"

खरं सांगू का, हा प्रश्न मुळीच अडाणी नाही. मान धरणं, पालथं पडणं, बसणं या गोष्टी मोजताना डॉक्टर स्वतःच सांगतात की जितके आठवडे आधी जन्मला तितके वजा करा. मग लसीला तोच हिशोब का नाही?

कारण मान धरायला मेंदू आणि स्नायू पिकावे लागतात. जंतू मात्र पोटातले आठवडे मोजत नाहीत. बाळ जगात आलं त्या दिवसापासून ते त्यांच्या तावडीत असतं. त्यातून आईच्या रक्तातल्या अँटिबॉडीज बाळाला मिळतात त्या मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत. नेमका तोच काळ या बाळांचा हुकलेला असतो. म्हणजे ज्याच्याकडे शिदोरी सगळ्यात कमी, त्यालाच आपण मायेपोटी सगळ्यात जास्त थांबवतो. डांग्या खोकल्याचं उदाहरण घ्या. मोठ्यांना तो नुसता चिवट खोकला वाटतो. तान्ह्या बाळाला कधीकधी खोकला येतच नाही, सरळ श्वासच थांबतो.

म्हणून जागतिक आरोग्य संघटना काय किंवा आपल्याकडची बालरोगतज्ज्ञांची संघटना काय, सांगणं एकच आहे. प्रकृती स्थिर असेल तर लसी जन्मतारखेप्रमाणे, वेळेवर, आणि पूर्ण डोस. "लहान आहे, अर्धाच द्या" असं नसतं. फार लवकर जन्मलेल्या बाळांत काही लसींचा प्रतिसाद थोडा कमी असतो, पण संरक्षण मिळतं.

अपवाद आहेत, नाही असं नाही. दोन किलोच्या आतल्या बाळाला कावीळ ब ची जन्मावेळची लस कधी द्यायची, हे आईची तपासणी बघून डॉक्टर ठरवतात. बाळ खरोखर आजारी असेल तर थांबतात. अगदी लवकर जन्मलेल्या बाळांचा श्वास लसीनंतर क्वचित अडखळतो, म्हणून ती दवाखान्यातच असतील तर दोन दिवस लक्ष ठेवतात. हे सगळं डॉक्टरांनी ठरवायचं. आपण वजनकाट्याकडे बघून नाही.

हा प्रश्न मूठभर घरांचा आहे असंही समजू नका. २०२० साली भारतात सुमारे ३० लाख बाळं ३७ आठवडे भरायच्या आत जन्मली. प्रत्येक घरात एक काका असणारच! आणि अडवणूक फक्त घरूनच होते असंही नाही. कधीकधी लसीकरणाच्या ठिकाणीही "वजन कमी आहे, पुढच्या महिन्यात आणा" असं सांगून परत पाठवतात. तो पुढचा महिना येतो तेव्हा कुणाचं तरी लग्न असतं, किंवा आई माहेरी गेलेली असते. डोस कुणी नाकारत नाही, तो नुसता राहून जातो.

यावर मला सुचणारा उपाय साधा आहे. बाळाला घरी नेताना डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा. बीसीजी, पोलिओचे थेंब यांतलं काय दिलं आणि काय राहिलं? पेटीत असलेल्या बाळांचं हे बऱ्याचदा राहून गेलेलं असतं. आणि दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या डोसच्या तारखा कोणत्या? त्या तारखा लसीकरणाच्या कार्डावर लिहून घ्या. कागदावर लिहिलेल्या तारखेशी वाद घालणं काकांनाही जड जातं. एखादा डोस चुकलाच तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. राहिलं तिथून पुढे जायचं, फक्त लवकर.

आमच्याकडच्या बाळाला डोस ठरल्या तारखेलाच मिळाला. रात्री थोडं किरकिरलं, अंग कोमट झालं, दुसऱ्या दिवशी दूध पिऊन झोपलं. काकांनी त्याला तीट लावली. त्यालाही माझी काही हरकत नाही. दृष्ट काढा, अंगडी-टोपडी विणा, बाहेरच्या माणसाला हात धुतल्याशिवाय जवळ येऊ देऊ नका. माया करायला जागा पुष्कळ आहे.

लसीची तारीख तेवढी त्यातून वगळा.